पाच वर्ग, दोन दीदी आणि चर्चची छोटी शाळा: मुलीला घालावं का?

शेतावरची
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. आम्ही इंदूरचे, माहेर राजेंद्र नगर, सासर लोकमान्य नगर. सासऱ्यांची मानपूरच्या पुढे शेती आहे, ते आता थकले म्हणून नवऱ्याने नोकरी सोडून शेती हातात घेतली आणि आम्ही सगळेच इकडे राहायला आलो. मुलगी सहा पूर्ण झाली, यंदा पहिलीत घालायचीय. महूच्या एका मोठ्या शाळेची व्हॅन सकाळी साडेसहाला फाट्यावर येते, म्हणजे एवढ्याशा पोरीचे रोजचे दोन तास रस्त्यातच जाणार. गावातली सरकारी प्राथमिक शाळा आहे, सध्या तिथे एकच मास्साब आहेत आणि त्यांच्यामागे सदान् कदा कुठला ना कुठला सर्वे लागलेला असतो. आणि तिसरी म्हणजे घरून चालत जाता येईल अशी चर्चची छोटी शाळा. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे हापसा. पहिली ते पाचवी मिळून तीसच्या आतच पोरं, बहुतेक भिल-भिलाला घरांतली, दोनचार आसपासच्या शेतकऱ्यांची. दोन शिक्षिका आहेत, सगळे त्यांना दीदीच म्हणतात. हिंदी मीडियम, फी अगदी थोडी.

मला ती शाळा आवडलीय, खरं सांगायचं तर खूप आवडलीय, पण घरात एकमत होत नाहीये. सासूबाई म्हणतात तिथे पोरगी येशूची गाणी म्हणत घरी येईल. बाबा म्हणतात पाच वर्ग आणि दोन मास्तरणी, शिकवणार काय. नवरा म्हणतो मान्यता आहे का ते आधी बघ. आणि मला वाटतं की पाचवीपर्यंत तरी मुलीने चालत शाळेत जावं, शिकवणाऱ्या बाईला तिचं नाव, तिचं घर, ती आज गप्प का आहे हे माहीत असावं. अशा शाळेत कुणी शिकलंय, शिकवलंय, मुलं घातलीयत? अनुभव सांगा.

फळा_खडू
मेघनाताई म्हणू का, तुमच्या जुन्या धाग्यावर नाव वाचलं होतं. मी धार जिल्ह्यात सरकारी प्राथमिकमध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन इंदूरला. तुमच्या बाबांना सांगा की पाच वर्गांना दोन शिक्षक हे मिशनच्या शाळेचं वेगळेपण नाही, आपल्या कायद्यातच तसं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, मग नव्वदपर्यंत तीन असा हिशेब आहे. म्हणजे खेड्यातल्या कितीतरी शाळा अशाच चालतात, फक्त शहरात राहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक वर्ग एक खोली एक बाई हेच चित्र असतं.

प्रश्न दोन शिक्षक आहेत का हा नाहीच, ते दोघं एकत्र वर्ग हाताळायला शिकलेत का हा आहे. वाईट बहुवर्ग शाळा कशी ओळखायची सांगतो. बाई तिसरीला शिकवतायत आणि तेवढा वेळ पहिली-दुसरी हाताची घडी घालून बसलीय, मग उलट. म्हणजे पोराच्या वाट्याला दिवसाचा निम्मा वेळही येत नाही. चांगल्या शाळेत प्रत्येक टोळक्याच्या हातात काम असतं आणि बाई फिरत असतात. आंध्रात ऋषी व्हॅलीवाल्यांनी छोट्या खेड्यातल्या शाळांसाठी यावर फार मोठं काम केलं, धड्यांचे तुकडे करून कार्डं केली, मूल आपल्या शिडीवर आपल्या वेगाने चढतं, पुढे तामिळनाडूने ती पद्धत सरकारी शाळांत नेली. आणि मोठ्याने धाकट्याला शिकवायचं हे तर आपलंच जुनं. मद्रासमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होता, त्याने इथल्या मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं, तेच आपल्या शाळेत आणलं, मोठ्या मुलांना धाकट्यांवर नेमलं आणि १७९७ साली त्यावर पुस्तक काढलं, मग इंग्लंडभर ती मद्रास पद्धत म्हणून चालली.

तुम्ही एकच करा, अर्धा दिवस मागे टाटपट्टीवर बसून या. आणि तिसरीतल्या एखाद्या पोराला पाठ्यपुस्तकातला नाही, कधीच न पाहिलेला मजकूर वाचायला द्या. पुस्तकातला धडा पोरांना पाठ असतो, त्यावरून काही कळत नाही.

शंका_आहे
मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका. आदिवासी मुलांसोबत शिकण्याला माझा अजिबात आक्षेप नाही, उलट चांगलंच आहे. पण तुमच्या मुलीच्या वर्गात किती मुली असतील? दोन? तीन? एकीशी भांडण झालं की वर्गच संपला. बरोबरीचं कुणी पुढे धावणारं नसेल तर आपण कुठे आहोत हे मुलाला कळत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाचं असंच झालं, छोट्या शाळेत कायम पहिला, सहावीत मोठ्या शाळेत गेला आणि पूर्ण वर्षभर तोंड उघडलं नाही.

दुसरं धर्माचं. मला चर्चचा राग नाही पण शाळा काढतात तेव्हा त्यामागे हेतू असतोच ना, हे आपण मोकळेपणाने का बोलत नाही. सहा वर्षांच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट सांगितली तर ते तीच खरी मानणार.

छावणीकर
मीच बोलतो मोकळेपणाने, कारण मी मराठी ख्रिस्ती आहे, घरी अजूनही नगरकडची मराठी बोलतो. आजोबा नगरहून इंदूरला शिक्षक म्हणून आले ते इथलेच झाले. आमच्या समाजात शाळा आणि चर्च हे बऱ्याच खेड्यांत एकाच छपराखाली असायचं, रविवारी भक्ती आणि सोमवारी तिथेच टाटपट्टी. हेतू होता का? होता. मिशनरी धर्म सांगायलाच आले होते, ते कुणी लपवलं नाही आणि आम्हीही लपवत नाही. पण त्या शाळांतून काय बाहेर पडलं तेही बघा. जोतिराव फुले १८४१ ते १८४७ पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले आणि १८४८ साली स्वतः मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती झाले नाहीत, पण शाळा म्हणजे काय हे तिथून घेऊन आले. आपल्या इंदुरात कॅनडाचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे मिशनरी १८७७ला आले, ख्रिश्चन कॉलेज १८८७चं, तिथे शिकलेल्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत, तुमच्या आमच्या ओळखीतलेच निघतील. त्याच मिशनचे लोक पुढे आलिराजपूरकडे आमखुटला भिलांमध्ये जाऊन राहिले, जिथे तेव्हा जायला धड रस्ता नव्हता.

आता आजचं. राज्यघटनेचं कलम २८ (३) सरळ आहे: सरकारमान्य किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा ताई, तुम्ही जाऊन विचारा, प्रार्थनेत काय असतं, बायबलचा तास आहे का, असेल तर बाकीची मुलं तेव्हा काय करतात, नाताळच्या नाटकात कुणाला घेता. चांगली शाळा या प्रश्नाने दुखावत नाही. गुळमुळीत उत्तर मिळालं तर मुलीला घालू नका, हे मी ख्रिस्ती म्हणूनच सांगतो. आपल्या मध्य प्रदेशात २०२१चा धर्म स्वातंत्र्य कायदा, म्हणजे जबरदस्तीने किंवा आमिषाने धर्मांतर करायला बंदी घालणारा, आल्यापासून छोट्या शाळा तर इतक्या जपून असतात की कधी कधी मला वाईट वाटतं, फळ्यावर एक ओळ लिहायची तरी चारदा विचार करतात. दोन बायका वीसपंचवीस घरांची पोरं सांभाळतायत, त्यांच्याकडे आधी संशयाने बघायचं आणि मग कामाकडे, हे मला पटत नाही.

शंका_आहे
छावणीकर, सरळ लिहिलंत, आभार. कलमाचं मला माहीत नव्हतं. माझा पहिला मुद्दा मात्र राहतोच.

कागदपत्रं_आधी
मी खाजगी शाळांच्या पोर्टलचं काम करते म्हणून फक्त कागदाचं बोलते. मूल चौथी-पाचवीत गेल्यावर रडत येणारे पालक मी बघितलेत म्हणून कळकळीने सांगते की हे आत्ताच बघा. पहिली ते आठवीच्या खाजगी शाळेला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यता लागते, फाईल ब्लॉकच्या शिक्षण कार्यालयाकडून (बीआरसी) जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे (डीपीसी) जाते. मान्यतेचं पत्र बघायला मागा आणि ते कोणत्या सत्रापर्यंत आहे ती तारीख वाचा, कारण नूतनीकरण असतं आणि छोट्या शाळांचं घोडं तिथेच अडतं. जागा भाड्याची असेल तर किरायानामा रजिस्टर्ड आहे का. शाळेचा यू-डायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर विचारा, तो असेल तर मुलीचं नाव समग्र आयडीसकट (राज्य सरकार प्रत्येक रहिवाशाला देतं तो नंबर) ऑनलाइन चढतं, नसेल तर ती सरकारी नोंदीत शाळेतच नाही असं होतं. शिक्षिकांपैकी डीएलएड (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) कुणाचं झालंय तेही विचारा.

अजून एक, लोकांचा नेहमी गोंधळ होतो. खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के मोफत जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१४ला प्रमती केसमध्ये त्या शाळांना आरटीईतूनच बाहेर ठेवलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावरच शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलंय, त्यामुळे पुढे काय होईल ते होईल. पण याचा अर्थ चर्चची शाळा आहे म्हणून मान्यता नको असा नाही, काही शाळा चालवणारेच तसं सांगतात, ते ऐकू नका. पाचवीची परीक्षा आपल्या राज्यात २०२२-२३पासून परत बोर्ड पॅटर्नवर आहे, पेपर बाहेरून येतो, तेव्हा मान्यता नसलेल्या शाळेतल्या मुलाची फार ओढाताण होते.

सातासमुद्रापार
इंदूरची आहे, छत्रीबागेत वाढले, सध्या पेनसिल्व्हेनियात. इथे लँकेस्टरकडे आमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या शाळा जाता येता दिसतात. एक खोली, पहिली ते आठवी, पंचवीस-तीस मुलं आणि एकच शिक्षिका, बहुतेक वेळा लग्न न झालेली तरुण मुलगी जी स्वतःही आठवीपर्यंतच शिकलेली असते. त्यांना आठवीनंतर मुलं शाळेत पाठवायची नव्हती म्हणून केस इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७२ला ते जिंकले. मला त्यातलं सगळं पटतं असं नाही, आठवीला शिक्षण थांबवणं तर मुळीच नाही. पण एक शिकण्यासारखं आहे, ती शाळा पालकच चालवतात, छप्पर गळलं तर बापे शिडी घेऊन येतात, शिक्षिका एकटी पडत नाही. मेघना, तू मुलीला घातलंस तर फी भरून मोकळी होऊ नकोस. अशी शाळा पालकांच्या हातांवर उभी असते.

शेतावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. फळा_खडू काकांनी सांगितलं तसं मी जाऊन बसले, सकाळच्या प्रार्थनेपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि जे पाहिलं ते तसंच्या तसं लिहिते.

प्रार्थना ओसरीत झाली. आधी जन गण मन, मग एक हिंदी प्रार्थना, त्यात देवाला पिता म्हटलंय, येशूचं नाव शेवटी एकदा. दीदींना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या बायबलच्या गोष्टी शनिवारी शेवटच्या तासाला, ज्यांच्या घरून सही आहे त्यांनाच, बाकीची मुलं तेव्हा धाकट्या दीदींबरोबर चित्रं काढतात किंवा बागेला पाणी घालतात. सहीचा कागद काढून दाखवला. आवाजात कुठे अढी नाही.

मग वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी ते पाचवी. पहिलीच्या पोरांपुढे चिंचोक्यांचे ढीग. दीदींनी फळ्यावर २३ लिहिलं आणि म्हणाल्या करा. दहा-दहाचे दोन गठ्ठे जुन्या मोज्यांत बांधायचे आणि तीन सुटे ठेवायचे. एका पोराने तेवीस चिंचोके एकेक करून ओळीने मांडले. दीदींनी चूक म्हटलं नाही, शेजारी बसून त्यालाच विचारलं, आता मला पटकन सांग किती आहेत. त्याला परत एकपासून मोजावं लागलं. शेजारच्या पोरीने मोजे बघून लगेच तेवीस सांगितलं. पोराने स्वतःच मोजा ओढला आणि भरायला लागला. हे सगळं चाललं तेवढ्या वेळात दुसरीचे चौघं पाटीवर बेरजा करत होते आणि पाचवीतली एक मुलगी येऊन त्यातल्या एकाचं वाचन घेत होती, बोट ठेवून, अडला की अक्षर नाही सांगायची, आधीचा शब्द परत वाचायला लावायची. कुणीतरी तिला हे शिकवलंय हो.

एक पोरगं नवीन आलेलं, घरी भिलीच बोलतात, हिंदी कळत नव्हतं. मोठ्या दीदी जोबटकडच्या, म्हणजे भिलांच्या मुलखातल्या आहेत. त्यांनी चित्रातल्या वस्तूचं नाव आधी भिलीत विचारलं, त्याने सांगितलं, मग हिंदी शब्द दिला. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथेच मुलीचं नाव घालावंसं वाटलं.

आता उणं. इंग्रजी कच्चं आहे, पोएम पाठ आहेत पण वाचता येत नाही. पाचवीला विज्ञान म्हणजे नुसतं पुस्तक वाचणं. वाचायला पुस्तकं नाहीतच, एका पत्र्याच्या पेटीत फाटकी पाठ्यपुस्तकं. पावसाळ्यात ओसरी गळते. काकांची परीक्षा घेतली, मी चकमक या मुलांच्या हिंदी मासिकाचा एक जुना अंक नेला होता, तिसरीतल्या तिघांना दिला, दोघांनी अडखळत पण अर्थ लावत वाचलं, तिसऱ्याला जमलं नाही. सासूबाईंना सहीचा कागद सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, म्हणाल्या गाणी म्हटली तर म्हणू दे, मी रामरक्षा शिकवीन.

फळा_खडू
तिघांत दोघं न पाहिलेला मजकूर अर्थ लावून वाचतायत, माझ्या दृष्टीने शाळा चांगली आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेचं लक्ष्यही हेच, तिसरीपर्यंत वाचून समजणं आणि साधं गणित. आणि त्या दीदींनी चुकलेल्या पोराला त्याची चूक त्याच्याच हातून सापडू दिली, हे मी ट्रेनिंगमध्ये वर्षानुवर्षं सांगायचो आणि फार थोडे करायचे. विज्ञानाचं मनावर घेऊ नका, सोय होईल. आपल्याच राज्यात होशंगाबादला १९७२ साली सोळा खेड्यांतल्या शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते केलं, आणि बरं का, फ्रेंड्स म्हणजे क्वेकर, तेही ख्रिस्तीच. त्या कामातूनच १९८२ला एकलव्य ही शिक्षणात काम करणारी संस्था उभी राहिली आणि तुमच्या हातातला चकमक त्यांचाच. भोपाळहून त्यांची पुस्तकं मागवा, स्वस्त असतात. पेटी तुम्ही भरा.

बदलीवाल्याची_मुलगी
मी शिकलेय अशा शाळेत म्हणून लिहिते. वडील पीडब्ल्यूडीत, बदली आलिराजपूरकडे, पहिली ते चौथी चर्चच्या शाळेत. शंका_आहे यांचं म्हणणं खोटं नाही, पाचवीला इंदूरला आले तेव्हा पन्नास मुलांच्या वर्गात मला घाबरायला झालं होतं, इंग्रजीत मागे होते, पहिल्या परीक्षेत कमी मार्क पडले आणि आई रडली. पण मी वर्गात हात वर करायचे, बाकीचे करत नव्हते, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं की प्रश्न विचारायचा नसतो. इंग्रजी सहामाहीनंतर भरून निघालं. आमच्या वर्गात माझ्या वयाच्या दोघीच होत्या, पण शाळेत सगळ्या वयाच्या मैत्रिणी होत्या, सातवीएवढी दिसणारी एक पाचवीतली ताई माझी वेणी घालायची. आज माझ्या मुलाला स्वतःच्या वर्गाबाहेरचं एकही मूल माहीत नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

एक सांगते, इंग्रजी घरी रोज थोडं वाचून घे, शाळेवर टाकू नकोस. आणि मराठीही, नाहीतर हिंदी आणि भिलीत पक्की होईल आणि आजीला पत्र लिहिता येणार नाही.

शंका_आहे
वर्णन वाचून मी बराच नरमलोय. तरी एक विचारतो, मोठ्या दीदी उद्या गेल्या तर? दोन माणसांवर उभी शाळा, एक आजारी पडली की अर्धी शाळा बंद. हा प्रश्न त्यांना विचारलात का?

शेतावरची
विचारला. धाकट्या दीदी गावातलीच सून आहे, बारावी झालीय, डीएलएड चालू आहे, फी चर्च भरतंय. पगार दोघींचाही इतका कमी आहे की इथे लिहिताना मलाच लाज वाटते, आणि तो सुधारल्याशिवाय तिसरी कुणी येणार नाही, हे मला दिसतंय. म्हणून आम्ही ठरवलंय की मुलीला घालायचं, आणि जे चार शेतकरी पालक आहेत त्यांच्याशी नवरा बोलणार आहे, ओसरीचे पत्रे आम्ही टाकून देऊ आणि दर महिन्याला ठरावीक काही शाळेला देऊ जे फक्त पगारालाच जाईल. मी आठवड्यातून दोन दुपारी इंग्रजी वाचन घेणार, दीदी हो म्हणाल्या. मान्यतेचं पत्र मात्र चर्चच्या ऑफिसात आहे, अजून हातात आलं नाही. ते बघितल्याशिवाय फॉर्म भरणार नाही, कागदपत्रं ताई, तुमचं ऐकतेय. आणि सहावीचं काय करायचं ते कुणी सांगा, तेव्हा तरी व्हॅन लागणारच का?

कागदपत्रं_आधी
अगं तू मानपूरकडेच आहेस ना, मग इंदूर जिल्ह्याचं नवोदय विद्यालय तिथेच तर आहे! सहावीला प्रवेश, परीक्षा पाचवीत असताना द्यायची, राहणं जेवण तिथेच. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात आणि एक तृतीयांश मुलींना. पण अट नीट वाच. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. म्हणजे शाळा चालेल, अगदी मस्त चालेल, फक्त त्या तीन वर्षांत मान्यतेत एकाही सत्राचा खंड नको. पत्र हातात आलं की शाळेचं नाव झाकून तारखेचा फोटो इथे टाक, नूतनीकरण कधी करायचं ते मी सांगते, आणि दीदींना पोर्टलचं जमत नसेल तर माझ्याशी फोनवर बोलायला सांग, फॉर्म मी भरून देईन.

शेतावरची
सोमवारी जातेय ऑफिसात. टाकते.